१९९६ सालच्या घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची सही-शिक्क्याची नक्कल हवी आहे. प्रकरण क्रमांक अर्धवट आहे

नमस्कार.

ही माहिती मला माझ्या आत्यासाठी हवी आहे. तिचे वय ६८ आहे, गुडघ्यांमुळे तिला जिना चढवत नाही, आणि ज्या न्यायालयात तिचा घटस्फोट झाला ते आमच्या पुण्यातील घरापासून एका रात्रीच्या प्रवासावर आहे. एक खेप वाया गेली आहे. दुसरी जाऊ नये म्हणून जाणकारांना आधीच विचारते आहे.

माझे आजोबा केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झाले आणि २००९ मध्ये वारले. त्यानंतर आजीला कुटुंब निवृत्तिवेतन मिळत असे, ते २०२३ मध्ये तिच्याबरोबर थांबले. आत्या घटस्फोटाच्याही आधीपासून माहेरीच राहते आणि आजीच्या शेवटच्या सहा वर्षांचे सारे दुखणेखुपणे तिनेच काढले. केंद्राच्या नियमांनुसार घटस्फोटित मुलीला २००४ पासून पंचविशीनंतरही हे निवृत्तिवेतन मिळू शकते. ती आई-वडिलांवर अवलंबून असली पाहिजे, तिचे स्वतःचे उत्पन्न दरमहा ९,००० रुपये आणि त्यावरील महागाई सवलत या मर्यादेच्या आत असले पाहिजे, आणि घटस्फोट आई-वडिलांपैकी कोणी हयात असताना झालेला असला पाहिजे. २०१७ च्या खुलाशानंतर निदान त्याची कार्यवाही तरी त्यांच्या हयातीत दाखल झालेली असावी लागते. आत्याचा निकाल १९९६ चा आहे आणि तेव्हा आजी-आजोबा दोघेही हयात होते, त्यामुळे हक्काबद्दल कोणी शंका घेतलेली नाही. निवृत्तिवेतन कार्यालयाला फक्त हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत हवी आहे, आणि नेमकी तीच आमच्याकडे नाही.

ती एकेकाळी होती. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २३(४) प्रमाणे घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची एक प्रत दोन्ही पक्षांना न्यायालयाने विनामूल्य द्यायची असते, आणि तशी ती आत्याला मिळाली होती. गावच्या घरी पत्र्याच्या पेटीत इतर कागदांबरोबर ती ठेवलेली होती. आजीच्या नंतर पेटी उघडली तेव्हा वाळवीने खालचा सगळा थर खाल्लेला होता, आणि हात लावला की कागदाचा भुगा होत होता. पुढे माझ्या वडिलांच्या जुन्या फाइलमध्ये पहिल्या पानाची एक झेरॉक्स मिळाली. तिच्यावर ‘हिंदू विवाह अर्ज क्रमांक’ हे शब्द स्पष्ट दिसतात, त्यापुढे १ हा आकडा आहे, आणि लगेच घडीची काळी रेघ येते. रेघेच्या पलीकडे ‘/१९९३’ एवढे वाचता येते. निकालाची तारीख पुढच्या पानावर असावी, आणि ते पान नाही. आत्याला तारीख आठवत नाही, पण संक्रांत नुकतीच होऊन गेली होती हे पक्के आठवते, कारण निकाल ऐकायला आलेली आजी तिळगुळाचा डबा मांडीवर घेऊन न्यायालयाच्या ओट्यावर बसली होती आणि तो डबा तसाच न उघडता घरी परत आला.

आतापर्यंत मी काय केले तेही लिहिते. ई-कोर्टच्या संकेतस्थळावर आत्याच्या माहेरच्या आणि सासरच्या अशा दोन्ही नावांनी, इंग्रजी अक्षरे बदलून बदलून शोध घेतला. काहीही निघाले नाही. ई-कोर्ट प्रकल्पच २००७ मध्ये सुरू झाला, तेव्हा त्याच्या अकरा वर्षे आधी निकाली निघालेले प्रकरण तिथे चढवलेले नसेल, असे मी समजते. मार्च महिन्यात प्रत्यक्ष जाऊन आले. नक्कल विभागात, क्रमांक पूर्ण नसल्यामुळे अर्जच घेता येणार नाही असे सांगून मला अभिलेख कक्षाकडे पाठवले. तिथे सांगण्यात आले की दरम्यान जिल्ह्याचे विभाजन झाले असल्याने जुने कागद नव्या जिल्ह्याकडे गेले असतील. वाशीम आणि नंदुरबार हे जिल्हे १ जुलै १९९८ रोजी वेगळे झाले, त्या काळातली ही गोष्ट आहे; आमचा जिल्हा कोणता हे इथे मुद्दाम लिहीत नाही. आमचे गाव आता नव्या जिल्ह्यात येते, पण प्रकरण चालले ते जुन्या जिल्ह्याच्या ठिकाणच्या न्यायालयात.

त्या वेळचे वकील हयात नाहीत, आणि त्यांच्या फायली कार्यालय रिकामे करताना रद्दीत गेल्याचे त्यांच्या घरच्यांनी सांगितले. दुसरी प्रत आत्याच्या पूर्वीच्या पतीकडे असू शकते, परंतु त्यांच्याशी कोणत्याही मार्गाने संपर्क करायची तिची तयारी नाही. तिची ही भावना मला पूर्णपणे मान्य आहे, त्यामुळे कृपया तो मार्ग सुचवू नये. काही नातेवाइकांनी महानगरपालिकेतून ‘घटस्फोटाचा दाखला’ काढायला सांगितले. चौकशी केल्यावर कळले की तिथे विवाहाची नोंदणी होते, घटस्फोटाची होत नाही. पुरावा म्हणायचा तो न्यायालयाचा हुकूमनामाच.

तेव्हा मला विचारायचे आहे ते असे. क्रमांक अर्धवट आणि वर्ष माहीत असताना न्यायालयाकडून शोध घेऊन मिळतो का, आणि तो कोणत्या नोंदवहीतून घ्यायला सांगावा? विभाजनापूर्वी निकाली निघालेल्या प्रकरणाचे कागद कोणत्या जिल्ह्यात असतात? आत्याच्या वतीने मी अर्ज केला तर चालेल का, की वकीलच द्यावा लागेल? आणि सगळ्यात जास्त काळजी ज्याची वाटते ते म्हणजे, मूळ बस्ताच, म्हणजे प्रकरणाच्या कागदांचा गठ्ठाच, नष्ट केला असे उत्तर मिळाले तर पुढे काय करायचे?

प्रतिसाद

मी दिवाणी न्यायालयात लिपिक म्हणून नोकरी करून निवृत्त झालो. नक्कल विभागातही काही वर्षे होतो, म्हणून लिहितो.

ताई, तुमची झेरॉक्स तुम्हाला वाटते त्यापेक्षा पुष्कळ उपयोगाची आहे. घडीच्या जागेत किती आकडे मावतात ते बाजूच्या १ च्या रुंदीवरून मोजून पाहा. दोन मावत असतील तर क्रमांक १०० ते १९९ यांच्यातला आहे, म्हणजे १९९३ च्या नोंदवहीतल्या फक्त शंभर नोंदी पाहायच्या. दाखल अर्जांच्या नोंदवहीत क्रमांकापुढे दोन्ही पक्षांची नावे, दाखल तारीख आणि निकालाची तारीख लिहिलेली असते. तोंडी विचारू नका. लेखी अर्ज द्या, त्यात ही शंभर नोंदींची मर्यादा आणि जानेवारी १९९६ हा निकालाचा महिना लिहा, झेरॉक्स जोडा आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. कारकुनासमोर वीस वर्षांचे गठ्ठे ठेवले तर तो हात जोडतो. शंभर ओळी ठेवल्या तर तो वही उघडतो. एवढे करूनही अर्ज घेतला नाही, तर प्रमुख जिल्हा न्यायाधीशांकडे विनंती अर्ज करा. कार्यालयावर त्यांचेच प्रशासकीय नियंत्रण असते.

विभाजनाचे कारण मला पटत नाही. निकाल १९९६ चा आणि विभाजन १९९८ चे, म्हणजे त्या दिवशी तुमचे प्रकरण चालू नव्हते. मग ते दुसरीकडे पाठवण्याचे कारण काय? जुन्या ठिकाणीच आग्रह धरा. तरीही ‘तिकडे गेले’ असे म्हणाले, तर कागद पाठवताना केलेली यादी दाखवा असे नम्रपणे सांगा. जिथे कुटुंब न्यायालय नाही तिथे हे अर्ज दिवाणी न्यायाधीश वरिष्ठ स्तर यांच्याकडे चालतात, म्हणून त्यांच्या कार्यालयाची नोंदवही मागा.

अर्ज मात्र आत्याबाईंच्याच नावाने आणि सहीने करा. त्या पक्षकार आहेत, त्यांना कारण सांगत बसावे लागत नाही. तुम्ही अर्ज केलात तर तुम्ही त्रयस्थ ठरता, मग प्रतिज्ञापत्र आणि कारण द्यावे लागते. शिवाय हिंदू विवाह कायद्याच्या कलम २२ प्रमाणे वैवाहिक प्रकरणे बंद दाराआड चालतात, त्यामुळे बाहेरच्या माणसाला कागद देताना कार्यालय जपूनच वागते. नेण्या-आणण्यासाठी तुमच्या नावाचे अधिकारपत्र जोडा. तिथल्या एखाद्या वकिलांना नवा वकालतनामा दिलात तर खेपा वाचतील, आणि माझ्या मते तेच बरे. निकालपत्र आणि हुकूमनामा या दोन्हींची नक्कल मागा, आणि प्रत्येकी दोन प्रती घ्या.

माहितीच्या अधिकारात अर्ज करण्यात वेळ घालवू नका. न्यायालयातील कागदांच्या नकला न्यायालयाच्या नियमांनुसारच मागायच्या, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणात दिला आहे.

नष्ट झाल्याची भीती आताच बाळगू नका. बस्ता निकाली निघाल्यावर त्याचे भाग पाडतात. किरकोळ अर्ज, समन्स असले कागद आधी जातात, आणि निकालपत्र व हुकूमनामा त्यांच्यापेक्षा खूप जास्त काळ राखतात. ते दोन्ही मिळालेच नाहीत, तर अभिलेख उपलब्ध नसल्याचे लेखी पत्र घ्या आणि नोंदवहीतील त्या ओळीचा प्रमाणित उतारा मागा. पूर्वी पुरावा कायद्याच्या कलम ७६ खाली अशा प्रती मिळत, १ जुलै २०२४ पासून ते भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम ७५ झाले आहे. त्या उताऱ्यात निकालाची तारीख असेल, आणि निवृत्तिवेतन कार्यालयाला पाहायची आहे ती मुख्यतः तारीखच.

धागाकर्तीचा प्रतिसाद

आपले मनापासून आभार. काल रात्री भिंगाखाली पट्टी ठेवून मोजले. घडीच्या जागेत दोनच आकडे मावतात, तिसऱ्याला जागा नाही. आत्याला सांगितले तेव्हा ती बराच वेळ त्या झेरॉक्सकडे पाहत होती आणि मग म्हणाली की या वेळी गाडीने नेलेस तर मीही येते, पायऱ्यांपर्यंत तरी.

आपण सांगितल्याप्रमाणे अर्ज तिच्या सहीने करते आहे आणि तिथल्या एका वकिलांशी बोलणेही झाले आहे. एक अडचण मात्र लिहिताना लक्षात आली. १९९३ चा अर्ज तिच्या सासरच्या नावाने होता. १९९७ मध्ये तिने राजपत्रात प्रसिद्ध करून माहेरचे नाव परत घेतले. त्या राजपत्राची प्रत जपून ठेवलेली आहे आणि आधार कार्डही माहेरच्या नावाचे आहे. नक्कल अर्जात दोन्ही नावे लिहून, राजपत्र जोडून, सही सध्याच्या नावाने केली तर चालेल का, की दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र आधीच करून न्यावे? आम्ही पुढच्या सोमवारी रात्री निघत आहोत, त्याआधी हे कळले तर पुण्यातच करून घेता येईल.