बिनखिडकीच्या प्रतीक्षागृहासाठी नॅनो लेप घ्यावा का? (बजेट ८ हजार)

कृष्णाकाठची: सांगलीत विश्रामबागला माझा दातांचा लहान दवाखाना आहे. प्रतीक्षागृहाला खिडकी नाही आणि जंतुनाशकाचा उग्र वास रुग्णांना सोसवत नाही. एका विक्रेत्याने भिंतींना टायटॅनियम डायऑक्साइडचा नॅनो लेप सुचवला असून, त्याने हवा आणि पृष्ठभाग दोन्ही रसायनांच्या फवारणीविना जंतुमुक्त होतात, असे तो सांगतो. कोणास अनुभव आहे का?

मिरजकर: लेपाच्या नादी न लागता हेपा फिल्टरचा एअर प्युरिफायर घ्यावा. आमचा सव्वीस हजारांचा असून तो ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो. घरी येणारा प्रत्येक जण आधी त्याचीच चौकशी करतो.

अजिंक्यतारा_७: लेपाचे तत्त्व खोटे नाही. टायटॅनियम डायऑक्साइडवर प्रकाश पडल्यास पाण्याचे विघटन होते, हे फुजिशिमा आणि होंडा या जपानी शास्त्रज्ञांनी १९७२ मध्ये मांडले, तर त्याने सूक्ष्मजंतू मरतात हे मात्सुनागा आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये दाखवले. मात्र साध्या लेपाला सुमारे ३८८ नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचा अतिनील प्रकाश लागतो आणि घरगुती एलईडी दिव्यात तो जवळजवळ नसतोच. शिवाय लेपाला टेकलेलेच जंतू मरतात. खोकल्यातून हवेत तरंगणारे भिंतीकडे जाण्याची वाट कोण पाहणार? चाचणी कोणत्या दिव्याखाली झाली, हे विक्रेत्यास विचारावे.

हळदपेठ: चांदीच्या नॅनो कणांना प्रकाश लागत नाही. आमच्या दुकानाच्या मुठींना तसाच थर दिला आहे. रोजच्या पुसण्याने तो कितपत उरला, हे मात्र पाहिलेले नाही.

मिरजकर: म्हणूनच म्हणतो, हवेसाठी प्युरिफायरच हवा.

वारणाकाठ: मी ओझोन सोडणारे यंत्र घेतले आणि घसा खवखवू लागला, विक्रेता आता फोनही उचलत नाही. त्यापेक्षा २५४ नॅनोमीटरचा यूव्ही-सी (जंतू मारणाऱ्या अतिनील प्रकाशाचा) दिवा बरा.

अजिंक्यतारा_७: तो दिवा खोली रिकामी असतानाच लावावा, कारण डोळ्यांना आणि त्वचेला इजा होते. आठ हजारांत एक्झॉस्ट पंखा आणि दाराखालून हवा येण्यास फट, एवढे सहज बसते. खुर्च्या साबणाच्या पाण्याने पुसाव्यात.

कृष्णाकाठची: सर्वांचे आभार. जागामालक भिंतीला भोक पाडू देत नाहीत आणि सासऱ्यांनी विक्रेत्यास शब्द दिला आहे, त्यामुळे लेपच करून घेत आहे. मात्र काचेच्या दारातून दुपारचे ऊन पडते, तेवढ्याच भिंतीवर.

मिरजकर: प्युरिफायर हप्त्यांवरही मिळतो.