सोलापूरकराने एप्रिलमधली लंडन मॅरेथॉन धावावी का?

विजापूर रोड:
पंचांगाप्रमाणे चैत्र-वैशाख म्हणजे वसंत ऋतू. लंडनमध्ये या वसंतात लोक बहुधा दहा-बारा अंशांत धावतात, आणि आपल्याकडे त्याच दिवसांत पारा चाळिशी ओलांडतो. आमच्या गटातील तिघांनी लंडन मॅरेथॉनच्या सोडतीत नाव घातले आहे. २०२५ च्या शर्यतीसाठी आठ लाख चाळीस हजारांवर अर्ज आले होते, तेव्हा नंबर लागणे हाच मोठा योग. पण तो लागला तरी सोलापुरात राहणाऱ्याने ही शर्यत धावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

कारण साधे आहे. ४२.१९५ किलोमीटरच्या तयारीला सोळा ते अठरा आठवडे लागतात. एप्रिलअखेरची शर्यत धरली तर तयारी संक्रांतीतल्या गड्ड्याच्या यात्रेच्या आगेमागे सुरू होते आणि ३०-३२ किलोमीटरच्या सर्वांत लांब धावा नेमक्या मार्चअखेर आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात येतात. दोन वर्षांपूर्वी मार्चच्या शेवटच्या रविवारी मी पहाटे साडेचारला होटगी रोडने निघालो. तेविसाव्या किलोमीटरला ऊन अंगावर आले, आणि घरी पोहोचलो तेव्हा काळ्या बनियनवर मिठाचे पांढरे नकाशे उमटले होते. निघताना वजन ६४.२ किलो होते, परतल्यावर ६१.५ भरले, आणि हे दीड लिटर पाणी पोटात गेल्यानंतरचे. पुढचे दहा दिवस धावणे बंद होते.

त्यापेक्षा सप्टेंबरअखेरची बर्लिन किंवा ऑक्टोबरमधली शिकागो पाहावी. त्यांची तयारी आषाढ ते भाद्रपदात होते, आणि पर्जन्यछायेत असल्यामुळे आपल्याकडे तेव्हा ढगांची सावली मिळते, पाऊस मात्र बेताचाच.

सात रस्ता:
आपले निरीक्षण बरोबर आहे, निष्कर्ष मात्र पटला नाही. उष्णतेत दहा ते चौदा दिवस नियमित व्यायाम केला की रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढते, घाम लवकर सुटू लागतो आणि घामातून जाणारे मीठ कमी होते. थंड देशातील धावपटू यासाठी मुद्दाम गरम खोलीत सराव करतात. आपल्याला ते घरबसल्या मिळते.

शिवाय तिकडचा वसंत गारच असतो, हा समजही तपासून घ्यावा. २०१८ मध्ये १६ एप्रिलला बोस्टनचे धावपटू गोठवणाऱ्या पावसात आणि समोरून येणाऱ्या वाऱ्यात धावले, तर सहाच दिवसांनी लंडनमध्ये पारा २४.१ अंशांवर गेला. ती लंडनची तोवरची सर्वांत उष्ण मॅरेथॉन होती.

विजापूर रोड:
ती सवय लावून घ्यायला तास-दीड तासाची सावकाश धाव पुरते. त्यासाठी ३२ किलोमीटर भाजून घ्यावे लागत नाही. उन्हात वेग पडतो आणि शर्यतीचा वेग पायांत बसतच नाही, हा माझा मूळ मुद्दा आहे. २४ अंशांबद्दल म्हणाल, तर सोलापुरात तेवढे तापमान असले की आपण पंखासुद्धा बारीक करतो.

तुळजापूर वाट:
आपण मंडळी फार नाजूक झालो आहोत. कोजागरीला सोलापुराहून तुळजापूरला लाखो लोक रात्रभर चालत जातात, कित्येक अनवाणी. अंतर ४५ किलोमीटरच्या आसपास, म्हणजे मॅरेथॉनपेक्षा जास्तच. रात्री अडीचला निघावे, दिसेल तिथे तांब्याभर पाणी प्यावे, सूर्य उगवायच्या आत घरी यावे.

विजापूर रोड:
काका, कोजागरी आश्विनात येते, चैत्रात नव्हे.

सात रस्ता:
रात्री निघण्याबाबत काकांशी सहमत आहे. हायवेचे ट्रक आणि भटकी कुत्री सांभाळली म्हणजे झाले. ‘दिसेल तिथे पाणी’ मात्र धोक्याचे आहे. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचे रक्त तपासले, तेव्हा त्यांतील १३ टक्क्यांच्या रक्तात सोडियम प्रमाणापेक्षा कमी आढळले, आणि ज्यांचे वजन धावताना वाढले होते, म्हणजे जे घामापेक्षा जास्त पाणी प्यायले होते, त्यांच्यात हे अधिक दिसले. तहानेपुरते प्यावे, सोबत मीठ असावे.

जुनी चादर:
मी सोलापुरात सराव करून लंडन धावले आहे, म्हणून लिहिते. विजापूर रोडच्या दादांची अडचण खरी आहे, पण ती उन्हाइतकीच वेळापत्रकाचीही आहे. मी तयारी दिवाळीनंतर लगेच सुरू केली, जानेवारीत मुंबईची पूर्ण मॅरेथॉन लांब सराव म्हणून सावकाश धावले, फेब्रुवारीत ३२ आणि मार्चच्या पहिल्या रविवारी ३० किलोमीटर उरकले. त्यानंतर अठरा-वीसच्या पुढे गेलेच नाही. वेगाचा सराव पहाटे कंबर तलावाच्या बाजूला केला.

ऊन मला नडले नाही, थंडी नडली. धाव सुरू होण्याआधी ब्लॅकहीथच्या मोकळ्या माळावर तासभर थांबावे लागते, आणि बोटे इतकी बधिर झाली की बुटाची नाडी शेजारच्या बाईंनी बांधून दिली. तिथे लोक जुने स्वेटर घालून येतात आणि निघताना टाकून देतात. ते गोळा करून संस्थांना दिले जातात. मी घरची विटकी सोलापुरी चादर पांघरली होती. सासूबाईंनी तिचे काय झाले, हे अजून दोनदा विचारले आहे. दुसरी गोष्ट वेळेची. माझी तुकडी दहाच्या सुमारास सुटली, म्हणजे सोलापुरात दुपारचे अडीच. पहाटे साडेचारला उपाशीपोटी पळायची सवय असलेल्या पोटाला आदल्या रात्री आणि सकाळी काय द्यायचे, हे महिनाभर आधी ठरवायला हवे.

विजापूर रोड:
ताई, मार्चच्या पहिल्या रविवारनंतर एप्रिलअखेरपर्यंत जवळजवळ आठ आठवडे लांब धाव नाही. शेवटी पाय टिकले का?

जुनी चादर:
नाही. थेम्सकाठी एम्बँकमेंटवर, ३८ च्या पुढे, दोनदा चालले. पण तेव्हा श्वास लागला नव्हता. मांड्या गेल्या होत्या.

विजापूर रोड:
म्हणजे मोल द्यावेच लागले. फक्त माझे होटगी रोडवर गेले आणि तुमचे थेम्सकाठी. मी बर्लिनच्याच सोडतीत नाव घालणार आहे. मात्र आमच्या तिघांपैकी कुणाचा नंबर लागलाच, तर त्याने सराव दिवाळीपासून धरावा, आणि फेब्रुवारीतल्या त्या ३२ किलोमीटरला पाण्याच्या बाटल्या घेऊन सायकलवर मी येईन.