बेडपॅन मागावं लागू नये म्हणून आजींनी पाणीच सोडलंय, काय करू?

नवी_स्टाफ
नमस्कार सगळ्यांना. मी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) करून लागले त्याला आठ महिने झाले, सरकारी दवाखान्यात फीमेल ऑर्थो (हाडांच्या) वॉर्डला आहे. ३४ बेड, नाईटला आम्ही दोघी स्टाफ आणि एक मावशी. माझ्याकडे एक आजी आहेत, सत्तरीच्या पुढच्या, खुब्याचं हाड मोडलंय, पायाला ट्रॅक्शन (पाय ओढून धरायला वजन) लावलंय आणि ऑपरेशन झेपेल असा डॉक्टरांचा फिटनेस यायचाय. तीन दिवस त्यांचा इनटेक आउटपुट चार्ट (किती प्यायल्या, किती लघवी झाली त्याची नोंद) बघतेय तर दिवसभरात पाणी जेमतेम दोन पेले. विचारलं की तहान नाही म्हणतात. काल रात्री कामं उरकल्यावर जवळ बसून विचारलं तेव्हा म्हणाल्या, "पाणी प्यालं की भांडं मागावं लागतंय गं, आन समोरच्या बाईचा पोरगा हितंच खाली झोपतोय."
जन्मभर नऊवारी नेसलेली बाई, इथं मागून उघडा गाऊन, त्याच्या नाड्याही तुटलेल्या, कायम चादरीचं टोक मुठीत धरून असतात. वॉर्डात आडोशाचा स्क्रीन एकच आहे, त्याचं चाक मोडलंय म्हणून तो ड्रेसिंग रूममध्ये पडून असतो. सीनियर म्हणाल्या डॉक्टर सरांना विचारून कॅथेटर (लघवीची नळी) टाकून घे, प्रश्न मिटेल. मला पटत नाहीये पण उलट बोलता येत नाही. काय करू?

निवृत्त_सिस्टर
अगं बाळा, तुझं बरोबर आहे. लघवी होतेय, शुद्ध आहे, सांगता येतं, मग कॅथेटर कशाला? इन्फेक्शनची वाट आपणच मोकळी करायची आणि वर लघवीची पिशवी सगळ्यांना दिसेल अशी पलंगाला लटकवायची, त्याची लाज वेगळीच. आधी त्या पोराला बाहेर पाठव, रात्री फीमेल वॉर्डात पुरुष नातेवाईक नको, हे तू नम्रपणे पण ठामपणे सांगू शकतेस. स्क्रीन नसेल तर दोन सलाईन स्टँड घे, मध्ये चादर बांध, आम्ही कित्येक वर्षं तेच केलं. पॅन साधा नको, फ्रॅक्चर पॅन माग, तो चपटा असतो, चांगल्या पायाच्या बाजूने सरकवायचा. स्टीलचा असेल तर आधी गरम पाण्याने धुऊन पुसून घे, गार पत्र्याने म्हातारी माणसं दचकतात आणि मग होतच नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्यांना मागायला लावू नकोस. ठरलेल्या वेळी तूच जा, सकाळी, जेवणाआधी, झोपताना, "आजी, जाऊन घेता का?" असं कानाशी विचार, वॉर्डभर ओरडून नाही. मागायची लाज गेली की पाणी आपोआप सुरू होतं. आणि पाणी का पीत नाहीत ते चार्टवर नि पुढच्या ड्यूटीला ओव्हर देताना दोन्हीकडे सांग, नाहीतर सकाळच्या ड्यूटीला परत तेच.

ब्रदर_आयसीयू
सिस्टरांशी सहमत, पण स्टाफचं पण बोलायला पाहिजे. इंडियन नर्सिंग कौन्सिलचा निकष शिकवणाऱ्या हॉस्पिटलात ३ पेशंटमागे १ नर्स, बाकी ठिकाणी ५ मागे १ असा आहे, इथं ताई ३४ ला दोघी आहेत. तरी एक सांगतो, चादर अंगावर ठेवून स्पंज करायला (ओल्या फडक्याने अंग पुसायला) आणि सगळं उघडं टाकून करायला वेळ जवळपास सारखाच लागतो, मी करून बघितलंय. एक हात पुसला, झाकला, मग दुसरा. आणि लाज फक्त बायकांना असते असं धरून चालतात ते चूक आहे. ऑपरेशनआधी शेव्हिंग करताना पुरुष पेशंट भिंतीकडे तोंड करून पडतात, कोणी विचारत नाही. मी आधी सांगतो, "काका, आता इथं हात लावणार आहे, चालेल ना?" आणि लेडी पेशंट असेल तर सिस्टर सोबत असल्याशिवाय हात लावत नाही.

मास्तरांची_लेक
मी नर्स नाही, पण लिहावंसं वाटलं. माझे वडील प्राथमिक शाळेत मास्तर होते, पॅरालिसिस झाला, उजवी बाजू आणि वाचा गेली, पण समजत सगळं होतं. एका दवाखान्यात त्यांना "ए बाबा, वळ" म्हणायचे आणि माझ्या वहिनीसमोर डायपर बदलायचे. दरवेळी ते डोळे घट्ट मिटून घ्यायचे, आम्हाला वाटायचं झोपलेत. मग एका सिस्टरने वहिनीला म्हटलं, ताई तुम्ही पाच मिनिटं बाहेर थांबा, आणि बाबांना म्हणाल्या, गुरुजी, कूस बदलते. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी डोळे उघडे ठेवले. ती सिस्टर कोण, नाव पण विचारायचं राहून गेलं माझ्याकडून.

निवृत्त_सिस्टर
ताई, तुमचं वाचून थांबले जरा. बोलता येत नाही म्हणजे कळत नाही असं आमचीही पुष्कळ माणसं धरून चालतात. लोकांनी हक्काने सांगावं. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१८ मध्ये रुग्ण हक्कांची सनद तयार केली, त्यात खासगीपणा आणि सन्मान आहे, पुरुष डॉक्टर बाईला तपासत असेल तर सोबत दुसरी बाई हवी हेही आहे. २०२१ मध्ये महाराष्ट्राच्या नर्सिंग होम नियमांत बदल होऊन खासगी दवाखान्यांना अशी सनद दर्शनी भागात लावणं बंधनकारक झालं. दिसली नाही तर विचारा.

नवी_स्टाफ
सगळ्यांचे खूप आभार. सरांना राऊंडला चार्ट दाखवून कारण सांगितलं, ते म्हणाले कॅथेटर नको. मुलाला बाहेर व्हरांड्यात झोपायला सांगितलं, तो बिचारा लगेच गेला, त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. सलाईन स्टँड घेतल्यावर इनचार्ज सिस्टर चिडल्या की इन्फ्युजनला लागतात, म्हणून आता खिडकीच्या गजापासून एकाच स्टँडला दोरी बांधून चादर टाकतेय. काल आजींनी तांब्याभर पाणी प्यालं आणि सकाळी स्वतःहून चहा मागितला. गाऊनच्या नाड्या मावशींनी बँडेजच्या पट्टीने शिवून दिल्या.
अजून एक विचारायचंय, आमच्याकडे राऊंडच्या आधी आवरायचं म्हणून पहाटे साडेचारला उठवून स्पंज देतात, गार पाण्याने, आजी कुडकुडतात. कोणी वेळ बदलून घेतलीये का तुमच्या वॉर्डात, इनचार्जना कसं पटवलं?