जुन्या मिलिटरी कटची पँट: बेळगावात शिवायची की बाहेरनं मागवायची?

हिंडलगा_रोड:
मंडळी, विषय कपड्याचा आहे पण जरा सविस्तर लिहितो, कारण आपल्याकडची बरीच पोरं यावर उगाच पैसे घालवायलीत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आपल्या पलटणींच्या अंगावर असायची तसली खाकी ड्रिलची (जाड, तिरक्या विणीच्या कापडाची) पँट, बेंबीपर्यंत वर, सीटला मोकळी, पाय सरळ खाली उतरलेला, ती परवडेल अशा भावात पाहिजे असेल तर माझं मत स्पष्ट आहे, ऑनलाइन हुडकत बसू नका, इथंच शिवून घ्या.

का ते सांगतो. याच जातीची गुरखा पँट म्हणून ऑनलाइन स्वस्तात जे विकायलेत ते एकदा नीट बघा. समोर दोन आडवे पट्टे दिसतात, बकल दिसतं, पण बऱ्याच पँटींत ते पट्टे नुसते शिवून टाकलेले असतात, ओढून कंबर आवळताच येत नाही, खाली चेन आणि कापडात लायक्रा. मूळ पद्धतीत हे पट्टे एकमेकांवरनं जाऊन दोन्ही बाजूंच्या बकलात अडकतात आणि बेल्टचं काम तेच करतात, म्हणून लूप लागतच नाहीत. बरं ते सुद्धा एकवेळ चाललं असतं, पण खरी गोची आसनात, म्हणजे कंबरेपासून दोन पायांच्या जोडापर्यंतच्या उंचीत आहे. ३४ कंबरेच्या माणसाला जुन्या कटमध्ये पुढचं आसन कंबरेच्या पट्टीसकट १२ ते १३ इंच धरायला लागतं, आजच्या रेडिमेडला ९-१० असतं. आसन तेवढंच ठेवून वर चुण्या टाकल्या की उभं राहिल्यावर सुद्धा त्या फाकतात आणि बाइकवर बसलं की मागनं पट्टी खाली ओढली जाते. बकल, बटणं, पट्टे सगळं अस्सल लावा, आसन चुकलं की पँट गेली.

१९४४-४५ ला इटलीत लढलेल्या मराठा पलटणींचे फोटो लंडनच्या इम्पिरियल वॉर म्युझियमच्या संग्रहात आहेत, कुणालाही बघता येतात. उन्हाळ्यातले फोटो काढा आणि कंबर कुठं बसलीय, मांडीला ढिलाई किती सोडलीय तेवढं बघा. आणि मराठा लाइट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर आपल्या गावात, कॅम्पात वर्दी शिवणारे मास्तर आपल्याकडं, मग हे काम आपण बाहेरच्याकडं कशाला द्यायचं?

निपाणी_स्टँड:
दादा, फोटोचं पटलं, शिवण्याचं पटत नाही. तुम्ही मास्तरला सांगता बेंबीपर्यंत पाहिजे, तो माप घेतो तुमच्या आत्ताच्या पँटीवरनं, टेप धरतो कंबरेच्या हाडावर, वर म्हणतो एवढं ढगळ कोण घालतंय आता, आणि शेवटी हातात येती ती ऑफिसची पँटच, फक्त दोन इंच वर. यात मास्तरचा दोष नाही, त्याचा हात बसलाय एका बेतण्यावर, रोज तेच करतोय तो. मागच्या बाजूची सीटची शिवण जुन्या कटात जास्त तिरकी असते, वाकताना कापड मिळावं म्हणून, हे त्याला फोटो बघून कळणार आहे का? फोटोत शिवण दिसत नाही, पट्टीच्या आत काय केलंय ते दिसत नाही.

जे लोक रिप्रॉडक्शन करतात, म्हणजे जुन्याची हुबेहूब नक्कल शिवून विकतात, ते मूळ पँट मिळवून उसवून त्याचा पॅटर्न काढतात. जपानचे बझ रिक्सन्स, रियल मॅककॉय आपल्या खिशाला झेपणारे नाहीत हे कबूल, पण ब्रॉन्सनसारखे चिनी ब्रँड त्याच्या कितीतरी खालच्या भावात बरं काम देतात. कस्टम ड्युटी धरून सुद्धा, तुमचं चांगलं कापड, शिलाई, परत उसवून शिवणं, गावात चकरा, हे सगळं मांडा एकदा कागदावर. मला एक पँट पाहिजे, टेलरिंगचा कोर्स नको.

पलटणवाला_काका:
मी पेन्शनर आहे, पलटणीत होतो, म्हणून दोन शब्द. पोरांनो, आवड चांगली आहे पण हे गाव कसलं आहे ते विसरू नका. पठाणकोटच्या हल्ल्यानंतर २०१६ ला लष्करानं लोकांना आणि दुकानदारांना सांगितलं होतं की लष्करी पॅटर्नचे कपडे विकू नका, घालू नका. सैनिक आहे असं लोकांना वाटावं या हेतूनं तसा पोशाख घालणं हा गुन्हा आहे, जुन्या आयपीसीत कलम १४०, आता न्याय संहितेत १६८, तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. २०२२ च्या आर्मी डेला जो नवा डिजिटल पॅटर्नचा गणवेश आला त्याचं डिझाइन तर रजिस्टर केलेलं आहे. आमच्यासाठी ती वर्दी कमावलेली गोष्ट आहे. फॅशन म्हणून कुणी घालून खडेबाजारात हिंडताना दिसला की आम्हाला बरं वाटत नाही, हे मी स्पष्ट सांगतो.

हिंडलगा_रोड:
काका, तुमचा मान राखूनच बोलतो. चट्ट्यापट्ट्यांचा कॅमोफ्लाज मी सुद्धा घालणार नाही, कुणाला घाला म्हणणार पण नाही. मी बोलतोय तो कट आजच्या कुठल्याही लढाऊ वर्दीत नाही. स्वातंत्र्यानंतर सैन्य ऑलिव्ह ग्रीनवर गेलं, खाकी पोलिसांकडं राहिली. म्हणून माझा आग्रह असा की कट जुना ठेवा आणि रंग बदला, फिकट बदामी घ्या, दगडी घ्या, गडद निळा घ्या. खांद्यावर फ्लॅप नको, बिल्ला नको, पलटणीचं नाव तर अजिबात नको. मग ती नुसती चांगली बेतलेली पँट राहते, सोंग होत नाही.

पलटणवाला_काका:
रंग बदलून कर, मग माझी हरकत नाही. आमच्या वडिलांच्या वेळच्या पँटी खरोखर चांगल्या बेतलेल्या होत्या, त्यात दिवसभर काम करता यायचं. पण चित्ररथाला शिपायाचं काम करणारी पोरं खरे बिल्ले लावतात ते बंद व्हायला पाहिजे.

वडगाव_माग:
मी बाई माणूस या पँटच्या चर्चेत का असं वाटेल कुणाला, पण आमच्या घरात शिलाईचं मशीन सासऱ्यांपासून चालतंय आणि शेजारी सगळीकडं माग. दोन गोष्टी बोलायच्या आहेत.

एक तर हिंडलगा_रोड दादा, तुम्ही शिवून घ्या शिवून घ्या म्हणता ते परवडतं म्हणून, आणि परवडतं का, तर आमची शिलाई साध्या पँटची धरता म्हणून. तुमच्या या पँटला दोन्हीकडं चुण्या, चेनच्या जागी बटणांची फ्लाय म्हणजे काजं आली, पट्टे वेगळे बेतायचे, पट्टे फिरवायला चीर ठेवायची, बकल बसवायचं, सगळ्या शिवणी घडी घालून दोनदा मारायच्या. साध्या पँटच्या दुप्पट वेळ जातो यात, आणि गिऱ्हाईक शेवटी म्हणतं पँटच आहे की, पाचशे घ्या. मास्तर लोक आधीच नाही का म्हणतात ते यावरनं समजून घ्या. त्यांना काम जमत नाही असं नाही, वेळेचे पैसे सुटत नाहीत. दुप्पट शिलाई द्यायची तयारी ठेवा, आधी बोलून ठेवा, मग बघा कसं बेततात.

दुसरं, कापड. वडगाव-शहापूरच्या मागावर साड्या होतात, ड्रिल नाही, तेव्हा हातमागाचं ड्रिल द्या म्हणून कुणी येऊ नका इकडं. आणि दुकानात खाकी ड्रिल मागितलं की हातात येतं ते बहुतेक टेरीकॉट, पोलिसाच्या आणि शाळेच्या गणवेशाचं. काठाचे दोन धागे काढून जाळून बघायचे, सुती असेल तर राख होती आणि कागद जळल्याचा वास येतो, पॉलिस्टर असेल तर कडक गाठ राहते. सुती मिळालं की बेतायच्या आधी रात्रभर पाण्यात घालायचं, न पिळता वाळवायचं. ड्रिल सॅन्फोराइज्ड (गिरणीतच आटवून आलेलं) नसलं तर लांबीला चांगलंच आटतं, मग तुमचं ते साडेबारा इंचाचं आसन पहिल्या धुण्यातच जातं.

निपाणी_स्टँड:
अक्का, शिलाईचं तुम्ही बोलला ते एकदम खरं. पण मग माझाच मुद्दा पक्का झाला की. दुप्पट शिलाई, वर चांगलं सुती कापड पावणेदोन मीटर, आत खिशांचं कापड, बकल, बटणं. स्वस्त कुठं राहिलं?

वडगाव_माग:
स्वस्त राहणार नाही, परवडेल एवढंच. दोन्हीत फरक आहे भाऊ. बाहेरनं मागवलेली बसली नाही तर परत पाठवायचा खर्च तुमचाच. आमच्याकडची पँट कंबरेत वाढली तर आम्ही उसवून देतो, मागच्या शिवणीत दीड इंच कापड मुद्दाम सोडलेलं असतं. आणि कधी फाटली तर तेच कापड घरात कपाटात असतं.

खानापूर_जंगल:
तुम्ही सगळे सुती सुती करायलाय पण कणकुंबीच्या पावसात सुती ड्रिल घालून बघा, दिवसभर भिजलेलं रात्री पण वाळत नाही, वर जड होतं आणि मांडीला घासतं. मला कट जुनाच पाहिजे, मोकळ्या सीटचा, चढताना आराम आहे त्यात, पण कापड टेरीकॉटच. अस्सल नाही म्हणून कुणी नाक मुरडू नये. ज्याला रानात जायचं नाही त्यानं खुशाल सुती घालावं.

हिंडलगा_रोड:
खानापूरकर, तुम्ही पाहिजे तर अस्सल सुद्धा म्हणू शकता. अमेरिकन सैन्याची ओजी-१०७ म्हणून हिरवी पँट होती, पुढं दोन मोठे वरनं लावलेले खिसे, मागं फ्लॅपचे, १९५२ च्या सुमारास आली, ती सुती सॅटिनची. १९७५ नंतर तिचीच ओजी-५०७ आली ती पॉलिस्टर-सुती मिश्र कापडाची. म्हणजे सैन्यांनी स्वतःच मिश्र कापड घेतलं. तुम्ही तो नमुना धरा, चुण्या नाहीत, पट्टे नाहीत, शिवायला पण सोपी, शिलाई कमी पडेल. फक्त हिरवी करू नका, वर काकांनी सांगितलंय ते लक्षात असू द्या. पण १९४० च्या दशकातली खाकी पाहिजे असेल तर तिथं माझा हट्ट सुतीचाच. त्या काळची अमेरिकन खाकी ८.२ औंसाची, म्हणजे आपल्या हिशेबात साधारण २७८ जीएसएम (चौरस मीटरला ग्रॅम). दुकानात २५० ते २८० विचारा, त्याच्या खालचं कापड चुण्या धरत नाही, लोंबतं.

आणि निपाणी_स्टँड, मास्तरला जुना कट कळत नाही या मुद्द्यावर माझं उत्तर असं, फोटो देऊच नका त्याला, माप द्या. टेप बेंबीवर धरायला लावा, हाडावर नाही. पुढचं आसन, मागचं आसन, मांडी, गुडघा, मोहरी (पायाचं खालचं तोंड) हे आकडे कागदावर लिहून द्या. मोहरी आडवी ९ इंच, कमी नको. जुनी पँट कुणाच्या आजोबांच्या ट्रंकेत असेल तर ती घेऊन जा, मास्तर ती आतबाहेर करून बघतो आणि तिरक्या शिवणीचं त्याला बोटानंच कळतं, तुम्हाला काही सांगायला लागत नाही.

निपाणी_स्टँड:
ट्रंकेतली पँट प्रत्येकाकडं असती तर हा प्रश्नच आला नसता. आणि आकडे मी आणायचे कुठनं? ज्यांनी मूळ पँट उसवली त्यांच्याच साइझ चार्टवरनं ना? म्हणजे तुमची बेळगावातली पँट उभी राहते ती त्यांच्या मेहनतीवर. मग त्यांच्याकडनंच एक घेतली तर बिघडलं कुठं? मी एक मागवतो, ती मापाला आणि बेतण्याला खरी निघाली तर पुढच्या तिच्यावरनं इथं शिवून घेतो.

वडगाव_माग:
हे चालेल. पण ती आली की उसवू नका, तशीच घेऊन या, न उसवता पॅटर्न काढता येतो. आणि कुणीही शिवून घ्या, पहिला बेत चांगल्या ड्रिलवर करू नका. मांजरपाटाची एक कच्ची पँट शिवून घाला, बसून बघा, उकिडवं बसून बघा, बाइकवर टांग टाकून बघा. मागं ओढत असेल तर खडूनं तिथंच खूण करा आणि ती कच्ची पँट मास्तरकडं ठेवून या.

खानापूर_जंगल:
अक्का, ओजीवाली बिनचुण्याची किती दिवसांत होईल? पावसाच्या आधी पाहिजे.

वडगाव_माग:
लग्नसराई संपू दे, त्याच्या आधी कुठलाच मास्तर हात लावणार नाही. कापड मात्र आत्ताच घेऊन भिजवून ठेवा.