जुन्या ट्रॅक्टरची सीट पार गेलीय, गादी बदलू का पूर्ण सीटच नवीन टाकू?

बार्शीचा_शेतकरी:
नमस्कार मंडळी. आमच्याकडं मॅसी १०३५ आहे, ९८ चं मॉडेल, सेकंडहँड घेतलेला. इंजिन ठणठणीत, लिफ्ट पण चांगली आहे, त्यामुळं ट्रॅक्टर विकायचा विषयच नाही. प्रॉब्लेम सीटचा आहे. मूळची सीट आधीच्या मालकानं बदललीय, आत्ता स्प्रिंगवाली आहे, मागं दोन स्प्रिंगा आणि मधे बारका शॉकअप, वजनाची मूठ (बसणाऱ्याच्या वजनाप्रमाणं सीट सेट करायची) पुढं आहे पण ती गंजून जाम झालीय, फिरतच नाही. गादी बसलीय, रेक्झिन फाटलंय आणि बसलं की सीट डाव्या अंगाला कलते. रोटाव्हेटरला एवढं जाणवत नाही पण काळ्या रानात नांगरट केल्यावर ढेकळातनं आडवं चाललं किंवा मोकळी ट्रॉली घेऊन खड्ड्यातनं आलं की सीट खाली जाऊन ठाणकन आपटते. ट्रॅक्टर वडीलच चालवतात, साठीच्या पुढं आहेत, दुसऱ्याच्या हातात देत नाहीत आणि आता रोज संध्याकाळी कंबर धरूनच घरात येतात. डॉक्टरनी ट्रॅक्टर कमी करा सांगितलंय, ते ऐकणार नाहीत हे मला माहितीय, त्यामुळं निदान सीट तरी नीट करून द्यायची आहे. गादीवाला म्हणतो चार इंची फोम टाकतो, स्पेअरवाला म्हणतो पूर्ण सीटच घ्या. काय करू?

फलटण_फिटर:
दादा आधी गादीवाल्याला थांबवा. लोकांचं हेच होतं, दुखतं बुडाला म्हणून फोम बदलायचा, पण झिजलेलं सगळं गादीच्या खाली असतं आणि तिकडं कुणी वाकून बघत नाही. गादी बाजूला काढा, चार बोल्ट असतील, मग टॉर्च घेऊन बघा.

पहिलं शॉकअप. सीट दोन्ही हातानं पूर्ण दाबा आणि सोडा. वर येऊन जागेवर थांबली तर शॉकअप जिवंत आहे, दोन-तीनदा वरखाली झाली तर मेलाय. रॉडला तेल दिसतंय का बघा. पक्कं करायचं असेल तर काढून हातानं ओढा-दाबा, दोन्हीकडं सारखा जोर लागला पाहिजे, मधेच एकदम ढिला पडला तरी तो गेला. दुसरं म्हणजे सीट पेलणारे आर्म जिथं पिनवर फिरतात तिथले बुश, म्हणजे पिनभोवतीच्या नळ्या. सीट डावी-उजवी हलवून बघा, एका बाजूला कलते म्हणताय म्हणजे डावीकडचा बुश संपून पिन थेट लोखंडात फिरत असणार, भोक लंबगोल झालं असेल. नुसता बुश गेला असेल तर लेथवाला नायलॉनच्या रॉडमधनं करून देतो, जास्त काम नाही. मग स्प्रिंग, रिकाम्या सीटला दोन्ही स्प्रिंगांचे वेढे बघा, एकीच्या वेढ्यात फट आणि दुसरीच्या नाही असं असेल तर ती ताणून गेलीय. बदलायच्या झाल्या तर दोन्ही एकदम बदला. आणि कुणी म्हणालं की वेढा कापून हूक परत वळवून देतो तर अजिबात ऐकू नका, वेढे कमी झाले की स्प्रिंग जास्त कडक होते, वर तापवून वळवलेला हूक तिथंच तुटतो.

शेवटचं रबर. सीट तळाला जाते तिथं रबरी बफर असतो, तुमचा ठाण आवाज येतोय म्हणजे तो केव्हाच पडलाय, लोखंडावर लोखंड आपटतंय. कंबरेला सगळ्यात जास्त मार तोच आहे. हे सगळं बघून सांगा, शक्य असलं तर फोटो टाका.

राहुरी_कृषी_अभियंता:
फिटर भाऊंनी सांगितलेलं १०० टक्के बरोबर, फक्त जाड फोम का नको ते थोडं सविस्तर लिहितो कारण ही चूक घरोघरी होते. आपल्या जुन्या ट्रॅक्टरला मागच्या ॲक्सलला कसलंच सस्पेन्शन नसतं, हाउसिंग थेट चाकावर, त्यामुळं स्प्रिंगचं काम फक्त टायर करतात. टायरवर ट्रॅक्टर उसळतो तो सेकंदाला साधारण २ ते ४ वेळा. माणसाच्या धडाला उभ्या दिशेचे सगळ्यात बाधणारे हादरे सेकंदाला ४ ते ८, म्हणजे ट्रॅक्टरची उसळी आपल्या मणक्याच्या अगदी शेजारी येऊन बसते. आता गंमत अशी की नुसत्या फोमच्या गादीची स्वतःची उसळी पण ४ च्या आसपासच असते. त्यामुळं गादी जाड केली की बसल्या बसल्या मऊ लागते, गिऱ्हाईक खूश, पण रानात तोच हेलकावा गादी कमी करायच्या ऐवजी वाढवते. कोणतीही स्प्रिंग आपल्या स्वतःच्या उसळीच्या साधारण दीडपटीच्या वरचेच धक्के गाळते. चांगल्या सस्पेन्शन सीटची उसळी २ च्या खाली ठेवतात ती यासाठीच, आणि ती उसळी आवरायला शॉकअप लागतो. शॉकअप नसलेली स्प्रिंगची सीट फोमपेक्षा वाईट.

युरोपात २००२ पासून कामगाराच्या अंगात जाणाऱ्या हादऱ्यावर कायदा आहे, ८ तासांच्या हिशोबानं ०.५ मीटर प्रति सेकंद वर्गाच्या वर गेलं की मालकानं उपाय करायचे आणि १.१५ च्या वर काम चालू ठेवायचंच नाही. आपल्याकडं मध्य प्रदेशात बुधनीच्या सरकारी केंद्रात ट्रॅक्टरची टेस्टिंग होते तेव्हा सीटवरची थरथर मोजतात, पण ती नव्या ट्रॅक्टरची. पंचवीस वर्षं वापरलेल्या सीटचं काय झालंय हे आपणच बघायचं.

अजून एक, मागच्या टायरात हवा किती आहे? आणि पाणी भरलंय का?

बार्शीचा_शेतकरी:
दोघांचे आभार. गादी काढून बघितलं. शॉकअप हातानं सहज आतबाहेर होतोय, काही जोरच लागत नाही, खाली तेलाचा डाग आहे. रबर नाहीच. डावी स्प्रिंग ताणलेली दिसतेय. डावीकडचं भोक लंबगोल झालंय आणि त्या भोकाच्या शेजारीच आधी कुणीतरी वेल्डिंग मारलेलं आहे, त्याच्या कडेनं परत बारीक चीर गेलीय. मागच्या टायरात २५ पौंड हवा निघाली, पाणी पण भरलेलं आहे. इथला गॅरेजवाला म्हणतो मोटरसायकलचा मागचा शॉकअप बसवून देतो आणि चीर परत वेल्ड करतो. हे करू का?

फलटण_फिटर:
नको. चीर नसती तर मी रिपेरच करा म्हणालो असतो, शॉकअप, स्प्रिंगा, बुश, बफर टाकून सीट परत वर्षानुवर्षं चालते आणि पूर्ण सीटपेक्षा खर्च खूप कमी येतो. पण भोकाच्या शेजारी वेल्डवर परत चीर म्हणजे तो पत्रा थकलाय, आता मारलेलं वेल्ड त्याच्या बाजूनं तुटणार, आणि ते उभ्या ट्रॅक्टरवर तुटत नाही, ट्रॉली घेऊन चालताना तुटतं. माणूस मागं किंवा चाकाकडं जातो. साठीच्या माणसाला त्यावर बसवू नका.

मोटरसायकलच्या शॉकअपचं पण सांगतो, बरेच जण बसवतात. त्यावर त्याची स्वतःची कडक स्प्रिंग असते, सीटच्या दोन स्प्रिंगा वर ती तिसरी, मग सीट हलतच नाही. शिवाय लांबी जुळत नाही, सीट तळाला पोचायच्या आधीच शॉकअप आत संपतो आणि सगळा मार त्याच्या टोकाच्या बोल्टच्या कडीवर येतो.

पूर्ण नवीन सस्पेन्शन सीट घ्या. फक्त सीट जिथं बसते ते लिफ्टचं कव्हर आहे, बिडाचं आहे, त्यावर वेल्डिंग नाही आणि नवीन भोकं पण नाहीत. भोकं जुळली नाहीत तर मधे ८ एमएमची प्लेट करून घ्या.

वर्धा_कास्तकारीण:
दादा, मी स्वतः ट्रॅक्टर चालवते, कापसाचं रान आहे आमचं, आणि मागच्या हंगामाआधी आम्ही पूर्ण सीट बदलली. दुकानात जायच्या आधी मापं घेऊन जा, दुकानदार सगळ्याले बसते म्हणते पण तसं नसते. चार बोल्टांमधलं अंतर लांबी-रुंदी दोन्ही, दोन मडगार्डच्या मधली जागा, आणि सगळ्यात मोठं म्हणजे उंची, प्लॅटफॉर्मपासून गादीपर्यंत. नव्या सीटा जुन्यापेक्षा उंच असतात, वर तुम्ही प्लेट टाकली की अजून वाढते, मग क्लच पूर्ण दाबाले पाय पोचत नाही, माणूस पुढं सरकून टोकावर बसते आणि पाठीचा टेका सुटते. मग त्या महाग सीटचा काही उपयोग नाही. वडिलांनाच दुकानात घेऊन जा, बसवा, क्लच-ब्रेक दाबल्यासारखं करून पाहा. लिफ्टच्या लिव्हरले मांडी किंवा हँडल घासते का तेही पाहा, आणि नांगरताना मागं वळून पाहावं लागते तर पाठीचा टेका फार उंच-रुंद घेऊ नोका.

हवेची सीट पण दाखवतील, १२ व्होल्टचा कंप्रेसर असलेली. चांगली आहे पण जुन्या ट्रॅक्टरची बॅटरी-डायनामो साथ देत नसेल तर नोका घेऊ, मेकॅनिकल घ्या.

राहुरी_कृषी_अभियंता:
ताईंचा उंचीचा मुद्दा फार महत्त्वाचा. वजनाची मूठ घेताना दुकानातच फिरवून बघा, बऱ्याच सीटांवर ५० ते १२० किलोपर्यंत असते. मूठ ज्याच्यासाठी सेट केली तोच बसणार हे लक्षात ठेवा, वडील बसल्यावर सीट आपल्या वरखाली चालीच्या साधारण मधोमध यायला हवी. तुम्ही बसाल तेव्हा परत फिरवायची.

आणि २५ पौंड हवा फार आहे. रानात मागच्या टायरला १२ ते १४ पौंड पुरते, ट्रॉली ओढायची तर १६-१८, तुमच्या टायरचं आणि ट्रॅक्टरच्या पुस्तकातलं माप बघून ठरवा. पाण्यानं टायर अजून कडक होतो, पाणी दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. नांगरटीला वजन लागतं हे खरं, पण नांगरट झाली की पाणी काढून टाका. सीटचे पैसे जमेपर्यंत एवढं आजच करता येईल, फुकट आहे.

बार्शीचा_शेतकरी:
हवा आज संध्याकाळीच कमी करतो. एक शेवटचं, एका दुकानात सीटबेल्टवाली सीट दाखवली, ती घ्यावी का? सेफ्टी म्हणून बरी वाटतेय.

फलटण_फिटर:
तुमच्या ट्रॅक्टरला मागं रोलबार, म्हणजे सीटमागची लोखंडी कमान, आहे का? नसेल तर बेल्ट लावायचा नाही. ट्रॅक्टर उलटला तर रोलबार माणसाला जागा ठेवतो आणि बेल्ट त्या जागेत धरतो, रोलबारच नसेल तर बेल्ट माणसाला ट्रॅक्टरखाली बांधून ठेवतो. सीट आवडली तर घ्या, पण बेल्ट दुकानातच काढून ठेवायला सांगा. आणि जुन्या सीटचा चांगला राहिलेला उजवा आर्म भंगारात घालू नका, आमच्यासारख्याला लागतो.