झाडीपट्टीच्या नाटकात मध्यरात्रीनंतर तबला उतरतो; होळीपर्यंत साथ कशी निभवावी?

तबलासाथ_लाखांदूर

सर्व जाणकारांना नमस्कार. यंदा भाऊबीजेनंतर मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू झाल्या, तेव्हापासून मी पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत वडशाच्या एका नाटक कंपनीत तबल्याच्या साथीला जात आहे. यापूर्वी भजनी मंडळात आणि गणेशोत्सवात वाजवत होतो. परंतु रात्री दहा-साडेदहाला पडदा उघडून पहाटेपर्यंत चालणाऱ्या तीन अंकी नाटकाची साथ करणे हे त्याहून फार वेगळे काम आहे, हे पहिल्या काही नाईटमध्येच कळून आले.

अडचण अशी आहे की पहिल्या अंकात काळी एकला (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुराला) लावलेला तबला ऑर्गनशी अगदी एकजीव बोलतो. दुसरा अंक अर्ध्यावर आला, म्हणजे रात्रीचा एक-दीड वाजला, की चाट (पुडीची कडा) मऊ पडते, बोल दबतात आणि सूर खाली सरकू लागतो. तबल्याच्या बाजूचे लाकडी गठ्ठे ठोकून तो वर घ्यावा, तर प्रवेश चालू असताना हातोडीचा आवाज माईकमधून साऱ्या प्रेक्षकांत जातो, आणि एवढे करूनही चढवलेला सूर दोन पदांपलीकडे टिकत नाही. कुरखेड्याकडच्या एका प्रयोगानंतर सकाळी तबला गवसणीत ठेवला होता. दुपारी पाहिले तेव्हा पुडी गजऱ्यालगत, म्हणजे कडेच्या गोफाजवळ, फाटलेली होती.

थंडीत तबला सुरात कसा ठेवावा? आणि दिवसा प्रवास, रात्री जागरण असे होळीपर्यंत चालणार असेल, तर हाताने आणि शरीराने कसे टिकावे? अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर सांगावे.

ऑर्गनवादक_आरमोरी

भाऊ, तबला उतरतो त्याला थंडीपेक्षा दव अधिक कारणीभूत आहे. पुडी कातड्याची असते. कातडे हवेतला ओलावा ओढून घेते, सैल पडते आणि ताण कमी झाल्यामुळे सूर उतरतो. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पारा अनेकदा दहा अंशांच्या खाली जातो आणि मध्यरात्रीनंतर दव उतरू लागते, म्हणून तुमची तक्रारही नेमकी त्याच वेळी सुरू होते. माझ्या ऑर्गनच्या पट्ट्या पितळेच्या असल्याने तो जागचा फारसा हलत नाही. हलला तर किंचित वरच जातो. तबला खाली आणि ऑर्गन आहे तिथेच, यामुळे दोहोंतले अंतर कानाला आहे त्यापेक्षा मोठे वाटते. साथीला क्लॅरिनेट किंवा बासरी असेल तर तीही उतरते, कारण नळीतली हवा गार झाली की तिच्यातला ध्वनीचा वेग कमी होतो.

पुडी का फाटली, तेही यातच आले. रात्री ओल्या कातड्यावर गठ्ठे ठोकून ताण वाढवला गेला. सकाळी ऊन लागताच तेच कातडे सुकून आक्रसले आणि आधीच ताणलेल्या वादीवर, म्हणजे पुडी आवळणाऱ्या चामडी पट्टीवर, आणखी ताण आला. म्हणून पडदा पडल्यावर, गाडीत सामान चढवण्यापूर्वी, गठ्ठे ठोकून वर सरकवावेत आणि पुडीला विसावा द्यावा. कितीही झोप आली असली तरी हे काम दुसऱ्याच्या हातावर सोपवू नये.

दुसरे, शेकोटीवर तबला धरण्याची सवय अनेक वादकांना आहे, ती मला पसंत नाही. जाळाकडची बाजू आधी सुकते आणि दुसरी ओलीच राहते; त्यामुळे एका घराला (पुडीच्या कडेच्या एका भागाला) सूर चढलेला आणि समोरच्या घराला उतरलेला, अशी अवस्था होते. पुडीवरची काळी शाई लोहचुऱ्याची आणि खळीची असते, तिलाही एकदम मिळालेली ऊब मानवत नाही आणि तिला तडे जाऊन कण सुटू लागतात. त्याऐवजी लाकडी पेटीत जुन्या पद्धतीचा, तारेचा साठ वॅटचा दिवा लावावा, झाकण बोटभर उघडे ठेवावे आणि त्यात दुसरा तबला ठेवावा. एलईडीचा दिवा या कामाचा नाही, त्याची ऊब पुरत नाही. अंक संपला की बाहेरचा तबला पेटीत आणि पेटीतला बाहेर, अशी अदलाबदल करत राहिल्यास प्रवेश चालू असताना हातोडी हातात घ्यावी लागत नाही. गादीवर बसल्यावर तबला वाजत नसेल तेवढा वेळ, म्हणजे नुसते संवाद चालू असताना, पुडीवर जाड सुती कापडाची घडी टाकून ठेवावी. लांबलचक करुण प्रवेशात तबल्याला बराच वेळ काम नसते आणि उघडी पुडी नेमकी तेव्हाच ओल धरते.

पदगायिका_ब्रह्मपुरी

वरील माहितीला मी गायनाच्या बाजूने एक गोष्ट जोडू इच्छिते. तबला उतरतो त्याच वेळी आमचा गळाही उतरलेला असतो. गार हवा, शेकोटीचा धूर आणि मैदानातून उडणारी धूळ यांमुळे तिसऱ्या अंकातले वरचे स्वर ओढून लावावे लागतात. म्हणून आमच्या संचात दिग्दर्शकांच्या संमतीने असे ठरले आहे की तिसऱ्या अंकातील पदे काळी एकऐवजी पांढरी एकला घ्यायची. कीबोर्ड असेल तर एक कळ दाबून हे साधते. ऑर्गनवादकाला मात्र बोटांची जागा बदलावी लागते, त्यामुळे त्यांच्याशी आधी बोलून घ्यावे. अर्धा सूर खाली घेतल्याने पद पडते असे काही जण म्हणतात. मला ते मान्य नाही. पहाटे तीन वाजता कष्टाने लावलेल्या उंच स्वरापेक्षा सहज लागलेला खालचा स्वर मैदानाच्या शेवटच्या रांगेपर्यंत अधिक चांगला पोहोचतो.

एक विनंती. गायकाचा श्वास तोकडा पडू लागला की तबलावादकाने लय वाढवू नये. थंडीत हात गरम राहावेत म्हणून वादक नकळत लय चढवतात आणि पदाची शेवटची ओळ आमच्या हातून निसटते. अंकाच्या मध्यंतरात हात कोमट पाण्यात घालून नीट कोरडे करावेत. ओला तळहात पुडीला लागू देऊ नये.

नाट्यमंडळ_सिंदेवाही_परिसर

मी वादक नाही. आमच्या गावात दरवर्षी नाटक ठेवणाऱ्या मंडळाचा सदस्य आहे, म्हणून गावाच्या बाजूने लिहितो. रंगमंचावर छत असते. वादक मात्र मंचासमोर, जमीन खोदून केलेल्या खोलगट जागेत बसतात, कारण प्रेक्षकांच्या नजरेआड काही येऊ नये. गार हवा जड असल्याने खोलगट जागेत साचते आणि डोक्यावर उघडे आकाश असल्यामुळे दव थेट वाद्यांवर पडते. म्हणजे साऱ्या मैदानात सर्वांत गार आणि सर्वांत ओली जागा वादकांच्या वाट्याला येते. २०२३ मध्ये झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा झाडीपट्टीतल्या प्रत्येक गावाला अभिमान वाटला. त्याच रंगभूमीचा वादक रात्रभर दवात भिजतो, याकडे आम्हा मंडळांचे लक्ष मात्र अजून पुरेसे गेलेले नाही.

उपाय खर्चाचा नाही. खड्ड्यात आधी धानाचे तणस जाड पसरावे, त्यावर ताडपत्री आणि मग सतरंजी घालावी. जमिनीची ओल वर येत नाही. मंचाच्या छताची ताडपत्री पुढे चार-पाच हात वाढवून घेतली तर वादकांच्या डोक्यावर आडोसा होतो, दव अडते आणि ती उंचावर असल्याने प्रेक्षकांच्या नजरेआड काही येत नाही. तारीख ठरवायला मंडळाची माणसे वडशाला कंपनीच्या कार्यालयात येतात, त्याच वेळी जेवण, विजेची सोय आणि बिदागीबरोबर ही अटही लिहून घ्यावी. प्रयोगाच्या संध्याकाळी सांगितले तर बांबू आणि दोर शोधत फिरण्याची वेळ येते, आणि तोवर लोक बोऱ्या-चादरी टाकून जागा धरून बसलेले असतात.

झोपेचेही असेच आहे. २०२१ च्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींना अटींवर परवानगी दिल्यापासून गावोगाव शंकरपट, म्हणजे आपल्याकडच्या बैलांच्या शर्यती, पुन्हा भरू लागले. दिवसा पट आणि रात्री नाटक असा बेत असतो, घरोघरी पाहुणे आलेले असतात, सोयरिकीच्या बैठका बसतात आणि भोंगा दिवसभर चालू असतो. अशा गावात सकाळी पोहोचून शाळेच्या खोलीत झोपू म्हणणाऱ्या कलावंताला झोप मिळणे कठीण. म्हणून आदल्या गावातच सकाळी झोप पूर्ण करून दुपारनंतर निघावे. पहाटे नाटक सुटल्याबरोबर तर मुळीच निघू नये. वैनगंगेच्या काठाने त्या वेळी दाट धुके असते, जंगलाच्या रस्त्यावर रानडुकरे आणि चितळ आडवे येतात, आणि गाडी चालवणारा माणूसही तुमच्याइतकाच रात्रभर जागलेला असतो. ऊन वर येईपर्यंत मंडळ चहा आणि झोपायला जागा आनंदाने देते. कंपनीने ती मागावी.

तबलासाथ_लाखांदूर

आपण सर्वांनी वेळ काढून लिहिले, मनापासून आभार. ताडपत्री पुढे घेण्याची गोष्ट मी आजच व्यवस्थापकांच्या कानावर घालतो. एकच शंका राहिली. अनेक गावांत रात्री जनरेटरवर काम चालते आणि दाब कमी-जास्त होतो. दिव्याच्या पेटीला त्यामुळे काही धोका आहे का?

ऑर्गनवादक_आरमोरी

दिव्याला विशेष धोका नाही. दाब कमी झाला तर तो मंद जळेल आणि ऊब थोडी कमी होईल, एवढेच. कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड मात्र स्टॅबिलायझरशिवाय जनरेटरला जोडू देऊ नका. दिव्याची वायर मंचाच्या मोठ्या दिव्यांच्या बोर्डावरून न घेता माईकवाल्याच्या बोर्डावरून घ्या, कारण काळोखाच्या प्रवेशात मोठ्या दिव्यांचा बोर्ड बंद होतो आणि पेटीही गार पडते. दिवा पेटीच्या एका कडेला जाळीआड बसवा, तबला त्यापासून वीतभर दूर राहील असे पाहा आणि गवसणी पेटीत ठेवू नका. कापड दिव्याला लागून धुमसू शकते.