प्रीमियम कार्डाचा ट्रॅव्हल इन्शुरन्स हिशेबात धरावा का?

हिशेबवही
प्रीमियम क्रेडिट कार्ड घ्यावं का असं कुणी विचारलं की उत्तरं ठरलेली येतात, लाउंज फुकट, इन्शुरन्स फुकट, फी वसूल. लाउंजचं एकवेळ राहू द्या, पण इन्शुरन्स आहे म्हणून फी वसूल झाली असं धरणं मला चुकीचं वाटतं आणि धोक्याचंही. माहितीपत्रकावर जो डोळ्यात भरणारा आकडा छापलेला असतो तो बहुतेक वेळा विमान अपघातात मृत्यू आला किंवा कायमचं अपंगत्व आलं तर मिळायचा असतो. प्रवासात खरं होतं काय, तर पोट बिघडतं, जिन्यावरून पाय घसरतो, अपेंडिक्स उठतं. ह्या दवाखान्याच्या खर्चाचं कव्हर बऱ्याच कार्डांवर एकतर नसतंच, नाहीतर इतकं तोकडं असतं की आयसीयूची एक रात्रसुद्धा निघायची नाही. शेंगेन व्हिसासाठी किमान 30,000 युरोचं मेडिकल कव्हर दाखवावं लागतं आणि त्यात आजारी माणसाला मायदेशी आणण्याचा खर्चही धरलेला लागतो. आपापल्या कार्डाच्या अटी काढा आणि ह्या मापाला लावून बघा. आधीपासूनचे आजार वगळलेले, ट्रिप ठराविक दिवसांच्या वर गेली की कव्हर बंद, हे सगळं तिथेच बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. माझं म्हणणं एवढंच, की मेडिकलची वेगळी पॉलिसी काढा आणि फीचा हिशेब करताना कार्डाच्या इन्शुरन्सची किंमत शून्य धरा.

ट्रान्झिट
मेडिकलचा मुद्दा मान्य, पण "शून्य धरा" हे अजिबात पटलं नाही. वर्षातून एकदा फिरायला जाणाऱ्याने वेगळी पॉलिसी काढावी आणि साधं कार्ड वापरावं, वाद नाही. पण ज्याचं कामच फिरतीचं आहे तो दर तिकिटामागे पॉलिसी काढत बसतो का हो? नाही काढत, तसाच जातो. त्याच्यासाठी कार्डाने तिकीट काढलं की कव्हर आपोआप सुरू होतं ही फार मोठी गोष्ट आहे. विमान लेट झालं, पुढचं कनेक्शन चुकलं, रात्र हॉटेलात काढावी लागली, घरात कुणी सिरियस झालं म्हणून ट्रिपच रद्द करावी लागली, हे विमान पडण्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा होतं आणि चांगल्या कार्डावर हे सगळं कव्हर असतं. आणि भाड्याची गाडी विसरलात. काउंटरवर रोजच्या दराने डॅमेज वेव्हर, म्हणजे गाडीचं नुकसान झालं तर ते तुमच्याकडून वसूल न करण्याची सोय, गळ्यात मारतात, आठवड्याचा हिशेब केला तर डोळे पांढरे होतात, कार्डावर कव्हर असेल तर सरळ नको म्हणता येतं.

हिशेबवही
म्हणता येतं, पण त्याच्या अटी माहीत असल्या तरच. सहसा काउंटरवरचं वेव्हर नाकारावंच लागतं, ते घेतलंत तर कार्डाचं कव्हर लागू होत नाही. आणि नाकारलं की गाडीवाला मोठी रक्कम डिपॉझिट म्हणून कार्डावर ब्लॉक करू शकतो, तेवढं लिमिट शिल्लक नसेल तर गाडी मिळत नाही. शिवाय हे कव्हर तुमच्या हातातल्या गाडीच्या नुकसानीचं किंवा चोरीचं, तुम्ही दुसऱ्या कुणाला धडक दिलीत तर ते थर्ड पार्टीचं प्रकरण, ते ह्यात येत नाही. बऱ्याच कार्डांवर ते सेकंडरी असतं, म्हणजे आधी दुसऱ्या इन्शुरन्सकडे मागायचं आणि उरलं तर इथे यायचं.
विमान लेट झाल्याचं म्हणाल तर युरोपात त्यासाठी कायदाच आहे, 2004 चा 261 नंबरचा नियम. 3 तास किंवा जास्त उशिरा पोचलात तर अंतराप्रमाणे 250 ते 600 युरो एअरलाइनने द्यायचे. जे हक्काने मिळतं त्यासाठी मी बँकेला फी का देऊ?

ट्रान्झिट
कारण तो नियम सगळ्या जगात नाही, आणि जिथे आहे तिथेही वादळ, बर्फ असलं एअरलाइनच्या हाताबाहेरचं कारण निघालं की ती भरपाई मिळत नाही. नेमकं तेव्हाच कार्डाचं कव्हर उपयोगी पडतं, खराब हवामान बऱ्याच पॉलिसींमध्ये स्पष्ट लिहिलेलं असतं.

हिशेबवही
भरपाई नाही मिळत, पण जेवण आणि हॉटेल त्या नियमाखाली तेव्हाही द्यावंच लागतं. बाकी जगात तुमचं म्हणणं खरं आहे, तेवढं मान्य.

क्लेमवाली
मी ट्रॅव्हल क्लेमच्या कामात बरीच वर्षं होते, म्हणून लिहिते. तुम्ही दोघं कव्हर आहे की नाही ह्यावर भांडताय, पण क्लेम अडकतो तो कागदांवर. बॅग आली नाही तर एअरपोर्टमधून बाहेर पडायच्या आधी बॅगेज काउंटरवर पीआयआर, म्हणजे सामान न मिळाल्याचा लेखी रिपोर्ट, करून घ्यायचाच. त्यावर दहा खुणांचा एक नंबर असतो, पहिली तीन अक्षरं एअरपोर्टची, मग दोन एअरलाइनची, मग पाच आकडे. तो नंबर नसेल तर पुढचं सगळं अवघड. दमलेला माणूस म्हणतो उद्या फोन करू, आणि तिथेच घोळ होतो. मग बॅग येईपर्यंत जे कपडे, ब्रश, औषधं घ्याल त्याची बिलं तारीख आणि वेळ दिसेल अशी ठेवा, कारण कव्हर बहुधा अमुक तासांनंतरच सुरू होतं आणि त्याआधीची खरेदी कापली जाते. विमान लेट असेल तर एअरलाइनकडून लेखी कारण मागा, ॲपवरचा स्क्रीनशॉट पुरेलच असं नाही. बोर्डिंग पास फेकू नका. तिकिटाचे पैसे ह्याच कार्डावरून गेले हे दाखवणारं स्टेटमेंट लागतं, आणि पॉइंट्सवर तिकीट काढलं असेल तर कव्हर लागतं का हे आधीच बघा, काही कार्डांना नुसता टॅक्स कार्डावर भरलेला चालतो, काहींना अजिबात चालत नाही.
एअरलाइनचं देणं वेगळं, त्याला 1999 चं माँट्रियल कन्व्हेन्शन आहे. सामान खराब झालं तर 7 दिवसांत, उशिरा मिळालं तर मिळाल्यापासून 21 दिवसांत लेखी तक्रार. 21 दिवसांत बॅग आलीच नाही तर हरवली असं धरून दावा लावता येतो. कमाल रक्कम माणशी 1,519 एसडीआर, म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं ते हिशेबाचं युनिट. कार्डाचा इन्शुरन्स अनेकदा एअरलाइनने किती दिले हे पाहून मगच उरलेलं देतो. म्हणून शून्य धरू नका, पण ब्रोशरवरचा आकडाही धरू नका.

साधंकार्ड
इन्शुरन्सवर एवढं बोललात, पण लोक हे कार्ड घेतात ते लाउंज आणि पॉइंट्ससाठी, आणि खरी फसगत तिथे आहे असं मला वाटतं. माझी एकच कसोटी, ही गोष्ट कार्ड नसतं तर मी खिशातून पैसे देऊन घेतली असती का? लाउंजमध्ये पैसे भरून कधी गेला नसाल तर तिथल्या छापील दराने फायदा मोजू नका. गर्दी असली की दारातून परत पाठवतात, पाहुण्याचे पैसे वेगळे, काही कार्डांवर आधी अमुक खर्च केला तरच एंट्री. पॉइंट्सची किंमत बँक कधीही खाली आणू शकते, साठवून ठेवणाऱ्याचं नुकसान ठरलेलं. आणि जो दर महिन्याला पूर्ण बिल भरत नाही त्याने तर हा धागा वाचूच नये, व्याजापुढे कुठलाच फायदा टिकत नाही. परदेशात वापरणाऱ्याला फॉरेक्स मार्कअप, म्हणजे परकीय चलनातल्या खर्चावर बँक लावते ती जादा टक्केवारी, किती हे मला लाउंजपेक्षा महत्त्वाचं वाटतं. आणि मशीनने विचारलं की तुमच्या चलनात कापू की इथल्या, तर इथल्या म्हणा, नाहीतर रेट ते लावतील तो.

ट्रान्झिट
तुमची कसोटी चांगली आहे पण ती सगळीकडे लावता येत नाही. आई बरोबर होती, तिचे गुडघे गेलेले, फ्लाइट पुढे पुढे ढकलत होते आणि गेटजवळ बसायला एक खुर्ची नाही. लाउंजमध्ये तिला पाय वर घेऊन पडता आलं, बाथरूम जवळ, गरम काहीतरी पोटात गेलं. मी एरवी त्याचे पैसे दिले असते का? कदाचित नसते दिले. म्हणून त्याची किंमत शून्य होत नाही. लहान मुलं किंवा म्हातारी माणसं बरोबर असणाऱ्याला हे पटेल.

हिशेबवही
आईंचं वाचून पटलं, लाउंजबद्दल मी आता वाद घालणार नाही. पण आईंचंच उदाहरण घेऊन विचारतो, त्या प्रवासात त्यांना काही झालं असतं तर कार्डाने दिलं असतं? बऱ्याच ठिकाणी वयाची मर्यादा असते आणि कव्हर फक्त कार्डधारकाचं असतं. म्हणून वेगळ्या पॉलिसीचा आग्रह मी सोडत नाही.

ट्रान्झिट
आईची मी वेगळी काढली होती. स्वतःची नाही काढत, आणि पुढेही काढेन असं वाटत नाही.

क्लेमवाली
स्वतःचीही काढा, निदान मेडिकलपुरती. आणि कार्डावरच्या कव्हरसाठी बँकेला फोन करू नका, मेल करा, म्हणजे उत्तर लेखी राहतं. ही ग्रुप पॉलिसी असते, बँक आणि इन्शुरन्स कंपनीमधली, ती रिन्यू होताना अटी बदलतात आणि आपल्याला आलेली मेल ऑफर्सच्या ढिगात जाते. पॉलिसी नंबर, कधीपासून कधीपर्यंत, जोडीदार आणि मुलं धरलीत का, आणि क्लेमची सूचना किती दिवसांत द्यायची, एवढं विचारून ठेवा. तिकीट काढायच्या आधी, नंतर नाही.